तंबूची निगा

पावसाळा जवळ आला कीं मनुष्य घराचीं कौलें चाळून घेतो. परंतु तंबू हें चार दिवसांचें घर, म्हणून शिबिर संपतांच त्याची आठवण कोणास राहत नाहीं. ही चूक आमच्या हातून एकदां घडली. तीच बालवाचकांस सांगावी, असें मनांत आहे.

आम्ही शाळेंत असतांना मार्च महिन्यांत आमच्या स्काऊट पथकाचें शिबिर दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशीं झालें. तंबू जाड सुती कापडाचे होते. शेवटच्या रात्रीं अवकाळी पाऊस आला. सकाळीं घरीं जाण्याच्या घाईंत आम्हीं आपला तंबू ओलाच गुंडाळिला आणि शाळेच्या कोठींत नेऊन टाकिला. "वाळविला काय?" असें गुरुजींनीं विचारतांच "होय" म्हणून मोकळे झालों.

ऑगस्टांत खालच्या वर्गांतील मुलें तोच तंबू घेऊन वेरूळास गेलीं. कापडावर काळे डाग पडले होते, कुबट वास येत होता, आणि तणावा ओढतांच तें टरकन् फाटलें. त्या रात्रीं पाऊस झाला. आंत निजलेला एक लहान मुलगा भिजून आठ दिवस तापानें अंथरुणास खिळला. आम्हांस कोणी कांहीं बोललें नाहीं. कारण तंबू कोणीं गुंडाळिला होता, हें फक्त आम्हांसच ठाऊक होतें. दोन दिवस अन्न गोड लागेना. अखेर गुरुजींपाशीं जाऊन सर्व सांगितलें.

गुरुजींनीं छडी उगारली नाहीं. वर्षभर सर्व तंबूंची निगा आमच्याकडे सोंपविली. तेव्हां कळलें कीं ओल्या सुती कापडास थोड्याच दिवसांत बुरशी धरते व ती धागाच कुजविते. मग ठिगळही टिकत नाहीं. म्हणून तंबू ओला आणावा लागला, तरी घरीं येतांच तो पसरून शिवणींसह पुरता वाळवावा. चिखल वाळल्यावरच झाडावा. साबण लावूं नये. पाणी अडविणारा लेप त्यानें निघून जातो. पावसांत सुती तणावे आखडतात, म्हणून रात्रीं ते थोडे सैल करावे. पाऊस चालू असतां आंतून कापडास बोट लावूं नये; तेथूनच गळती लागते. मेखा पुसून निराळ्या पिशवींत ठेवाव्या.

तंबू कोठें ठोकावा, हेंही गुरुजींनीं शिकविलें. वेरूळच्या वाटेवर खुलताबादेस औरंगजेबाची कबर आहे. हा बादशहा १६८२ सालीं आमच्या शहरीं, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरांत, आला आणि १७०७ सालीं मृत्यू येईपर्यंत त्याचा बहुतेक काळ छावणींतच गेला. १७०० सालीं खवासपुराजवळ माण नदीस पूर येऊन त्याची छावणी पाण्यांत सांपडली. नदी बादशहाचा डेराही ओळखीत नाहीं, तर आपल्या राहुटीची काय कथा! म्हणून ओढ्यापासून दूर, उंचवट्यावरच तंबू ठोकावा.

विद्यार्थिमित्रांनो, आपण गुंडाळिलेला तंबू पुढें कोणाच्या डोक्यावर उभा राहील, हें आपणांस ठाऊक नसतें. तो मुलगा पुढें बरा झाला व आमचा मित्रही झाला. तरी कोठींतून तो कुबट वास आला कीं आम्हांस अजून खालीं पहावेंसें वाटतें.