तीन घाट, अकरा मोटारी

घाट ही वस्तु मराठी माणसास नवी नाहीं. बोरघाट, थळघाट, कुंभार्ली, आंबा हीं नांवें भूगोल शिकण्यापूर्वींच आपल्या मुलांच्या कानांवरून गेलेलीं असतात. कोंकणांतून देशावर यावयाचें किंवा देशावरून कोंकणांत उतरावयाचें, तर घाटावांचून गति नाहीं. म्हणून आपल्या लेखीं घाट म्हणजे पलीकडे जाण्याची वाट. परंतु युरोपांतील आल्प्स पर्वतांत केवळ घाटासाठीं घाट चढणारीं मंडळी आहेत. पलीकडे त्यांचें कांहींएक काम नसतें. गोट्टहार्ड पर्वताच्या पोटांतून १९८० सालीं सुमारें १७ किलोमीटर लांबीचा मोटारींचा बोगदा खुला झाला. २०१६ सालीं ५७ किलोमीटरांचा आगगाडीचा बोगदाही झाला. ज्यास घाई आहे तो खालून जातो. हीं मंडळी मुद्दाम वरून जातात, आणि फिरून संध्याकाळीं निघाल्या ठिकाणींच येऊन पोहोंचतात!

नोकरीच्या निमित्तानें आम्ही उभयतां झुरिच शहरीं राहतों. तेथें स्पोर्ट्स मोटारींची हौस असणाऱ्या अशाच एका मंडळांत आमचा शिरकाव झाला, आणि २०२३ सालच्या सप्टेंबरांत त्यांच्या समवेत सुस्टेन, ग्रिम्सेल व फुर्का हे तीन घाट एका दिवसांत पाहण्याचा योग आला. त्या प्रवासाची हकीगत वाचकांस सादर करीत आहों.

स्पोर्ट्स मोटार म्हटली कीं भरधाव वेग आणि श्रीमंती थाट एवढेंच डोळ्यांपुढें उभें राहतें. आमची मोटार त्या थाटाची नव्हे. माझ्दा एम-एक्स-५ ही दोन माणसांची, उघडत्या टपाची, सुमारें एक टन वजनाची लहानशी जपानी मोटार. ही जात प्रथम १९८९ सालीं बाजारांत आली. ती घडवितांना 'जिन्बा इत्ताइ' ही कल्पना जपानी कारागिरांनीं डोळ्यांपुढें ठेविली होती. घोडा आणि स्वार यांनीं एकजीव व्हावें, असा तिचा भावार्थ. आपल्याकडील एखाद्या जुन्या शिलेदारास तो समजावून सांगावा लागला नसता! सरळ सडकेवर कोणतीही साधी मोटार हिच्या बरोबरीनें धांवेल. हिचा गुण कळतो तो वळणावर. शिवाय घाटमाथ्यावर वेगाचा गर्व निसर्गच उतरवितो. समुद्रसपाटीपासून २४०० मीटरांवर हवा सुमारें एक पंचमांश विरळ होते, आणि साध्या एंजिनाचें बळ त्याच मानानें घटतें.

आमच्या मेळाव्यांत अकरा मोटारी होत्या. कांहीं नव्या, कांहीं पन्नास वर्षांपलीकडच्या. माणसें स्विस, जर्मन व डच. भारतीय आम्ही दोघेंच. सूत्रें एका शाळेंतील शिक्षिकाबाईंच्या हातीं होतीं. निघण्यापूर्वीं त्यांनीं तीन नियम वाचून दाखविले. पहिला, रांगेंत कोणीं कोणास मागें टाकावयाचें नाहीं. दुसरा, प्रत्येकानें आपल्या मागच्या मोटारीची जबाबदारी घ्यावयाची. ती आरशांत दिसेनाशी झाली कीं आपण हळू व्हावयाचें, आणि तरीही न दिसली तर थांबावयाचें. तिसरा, जेथें रस्ता फुटतो तेथें मागच्यास आपण दिसेपर्यंत हलावयाचें नाहीं. पुढच्याचा पाठलाग करण्याविषयीं नियमांत चकार शब्द नव्हता. हे नियम ऐकतांना आम्हांस आषाढी वारींतील दिवे घाट आठवला. माउलींच्या पालखीबरोबर चढणाऱ्या दिंड्यांतही पुढें कोण पोहोंचला हें कोणी विचारीत नाहीं. मागें कोणी राहिला कीं काय, एवढेंच पाहतात.

शुक्रवारीं सकाळीं आंडरमाट गांवाहून आम्ही निघालों. गांवाबाहेर पडतांच शोलेननची अरुंद घळ लागते. दोहों बाजूंस काळे ताशीव कडे, आणि खालीं रॉइस नदीचा फेंसाळ लोंढा. याच घळींतील 'सैतानाच्या पुला'जवळ १७९९ सालीं सुवोरोव्ह या रशियन सेनापतीची फ्रेंचांशीं झुंज झाली. तिचें स्मारक म्हणून खडकांत भला मोठा क्रूस कोरलेला आहे. तेथून वासेन गांवापर्यंत उतरून आम्ही डावीकडे सुस्टेनच्या चढास लागलों.

सुस्टेनचा रस्ता १९३८ ते १९४५ या काळांत बांधला गेला व १९४६ सालीं खुला झाला. जुने घाट खेंचरें आणि टपालाचे टांगे यांच्या पावलांनीं आंखलेले. हा मात्र आरंभापासून मोटारींचाच विचार करून आंखलेला. त्यामुळें त्याचा चढ अंगावर येत नाहीं. डोंगराच्या कुशीनें तो सावकाश वर सरकतो, आणि २२२४ मीटर उंचीवर एका लहान बोगद्यांतून पलीकडे निघतो. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या घाटमाथ्याच्या उंचीची कल्पना येईल. टप उघडा असल्यामुळें गायींच्या गळ्यांतील घंटा, ओल्या गवताचा वास आणि बर्फावरून येणारा गार वारा हीं सारीं आमच्याबरोबर बसून प्रवास करीत होतीं. मधूनच वळणाआडून तीन सुरांची ललकारी ऐकूं येई. ती पिवळ्या टपाल-बसची. विल्यम टेलवरील रॉसिनीच्या संगीतांतून ते सूर घेतलेले आहेत. डोंगरी टपालमार्गावर या बसचा मान मोठा. तिच्या चालकानें सांगितलें कीं इतरांनीं मागें सरावें, असा तेथें कायदाच आहे.

माथ्यावरून पश्चिमेकडे उतरूं लागल्यावर प्रसंग ओढवला. आमच्या पुढें चौथ्या क्रमांकावर अठ्याहत्तर वर्षांचे एक स्विस गृहस्थ होते; आम्ही दोघें आपसांत त्यांस आजोबा म्हणत असूं. त्यांची मोटार जुन्या घडणीची, इंग्रजी. तीस वर्षें प्रतिवर्षीं ते हे घाट चढत आले होते, आणि 'यंदाची ही शेवटची खेप' असें त्यांनीं आदल्या रात्रीं जेवतांना सांगून टाकलें होतें. उतारावर यात्रेकरूंची एक मोठी बस त्या चौघांच्या पुढें आली व पावलापावलानें चालूं लागली. तिच्यामागें ब्रेक दाबून दाबून उतरणें भाग पडलें. आजोबांच्या मोटारीचा मागचा तांबडा दिवा विझेचना. थोड्याच वेळांत जळकट वासही आला. आम्हीं भोंगा वाजविला. त्याच सुमारास बस बाजूला झाली आणि पुढच्या तिघी निघून गेल्या. परंतु आजोबांची मोटार गुरगुरत खालच्या गिअरांत गेली, आणि हातब्रेकाच्या आधारानें कडेच्या रुंद जागेवर येऊन थांबली. ब्रेकचें पेडल थेट तळाशीं गेलें होतें.

असें कां होतें, हें घाटांत मोटार हांकणाऱ्या प्रत्येकानें समजून घेण्यासारखें आहे. ब्रेकच्या नळ्यांतील ऑइल हवेंतील दमटपणा हळूहळू शोषून घेतें. तें जुनें झालें कीं थोड्या उष्णतेनेंही त्यास उकळी फुटते व नळींत वाफ धरते. ऑइल दाबलें तर तें दाब पुढें पोहोंचवितें. वाफ दाबली तर ती नुसतीच आकसते. मग पाय कितीही जोरानें दाबा, चाकापर्यंत कांहींच जात नाहीं. म्हणून उतारावर चढाचाच गिअर ठेवावा आणि एंजिनालाच मोटार रोखूं द्यावी, असें जुने चालक सांगत आले आहेत.

आमच्यामागील मोटारी आमच्यापाठोपाठ थांबल्या, यांत नवल नाहीं. नवल पुढच्यांचें. तिसरीला चौथी दिसेना म्हणून ती थांबली, तिसरी दिसेना म्हणून दुसरी, आणि दुसरी दिसेना म्हणून पहिली. कोणीं कोणास दूरध्वनि केला नव्हता.

ब्रेक निवल्यावर पहिल्या गिअरांत मुंगीच्या पावलानें इनर्टकिर्खेन गांठलें. तेथील मिस्त्रीनें मोटार पाहून सांगितलें कीं सारें ऑइल बदलावें लागेल, चार वाजतील. आतां मात्र मंडळींत चुळबूळ सुरू झाली. दुसऱ्या दिवशीं वर बर्फ पडेल असा वेधशाळेचा इशारा होता. फुर्का पाहावयाचा तर आजच. एक तरुण डच गृहस्थ एवढ्यासाठींच दूरवरून आले होते, आणि त्यांची रजा रविवारीं संपत होती. ते म्हणाले, "आपण दहाजण पुढें जाऊं, यांनीं सावकाश यावें." त्यांचें म्हणणें अवाजवी नव्हतें. आजोबांनींही त्यास रुकार दिला. 'मी ब्रुनिगच्या लहान घाटानें घरीं परततों, माझ्यासाठीं कोणीं खोळंबूं नये' असें ते म्हणाले. बाईंनीं दोघांचेंही ऐकून घेतलें, आणि शांतपणें उत्तर दिलें, "नुसता घाटच पाहावयाचा असता, तर आपण एकेकटे आलों असतों."

त्यावर कोणी बोललें नाहीं. मधल्या वेळांत आम्हीं जवळची आरे नदीची घळ पाहिली. सुमारें १४०० मीटर लांबीच्या या घळींत कांहीं ठिकाणीं हात पसरले तर दोन्ही कडे बोटांस लागावेत अशी अरुंद वाट पाण्यानें कोरून काढली आहे. पाण्यास घाई नव्हती, म्हणूनच हें झालें.

चार वाजून गेल्यावर रांग पुन्हां लागली, परंतु क्रम बदललेला होता. आजोबा सर्वांच्या पुढें. त्यांची जी चाल तीच अकरा मोटारींची चाल. आणि त्यांच्या पाठीशीं दुसरा क्रमांक कोणीं मागून घेतला? त्या डच तरुणानें! मागून येणाऱ्या उतावळ्या वाहनांचा त्रास आजोबांस होऊं नये, म्हणून.

ग्रिम्सेलचा चढ ओकाबोका. करड्या ग्रॅनाइटच्या घोटीव पाठी, आणि धरणांमागें साठलेलें राखी रंगाचें पाणी. २१६४ मीटरांवर माथा येतो; तेथल्या लहान तळ्याचें नांव टोटनझे, म्हणजे मृतांचें सरोवर. हा माथा मोठा जलविभाजक आहे. अलीकडे पडलेला थेंब आरे व ऱ्हाइन या नद्यांतून उत्तर समुद्रास मिळतो; पलीकडे पडलेला रोन नदीवाटें भूमध्य समुद्रास. महाबळेश्वरीं एकाच डोंगरावर उगम पावून कृष्णा पूर्व समुद्राची वाट धरते व सावित्री पश्चिम समुद्राची, त्याचें स्मरण आम्हांस झाल्यावांचून राहिलें नाहीं.

ग्रिम्सेलवरून नागमोडी वळणांनीं ग्लेच या वस्तीपर्यंत उतरावयाचें, आणि लगेच फुर्काचा चढ धरावयाचा. अर्ध्या वाटेवर एका तीव्र वळणाच्या पोटांत बेल्व्हेदेर नांवाचें जुनें हॉटेल आहे. १८८२ सालीं बांधलेलें हें हॉटेल २०१५ पासून बंद आहे. १९६४ सालच्या 'गोल्डफिंगर' या बोलपटांतील मोटारींचा प्रसंग याच घाटांत चित्रित झाला, म्हणून तरुण मंडळी येथें हटकून थांबतात. आम्ही थांबलों तें रोनची हिमनदी पाहण्यासाठीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही हिमनदी खालीं ग्लेचच्या दारापर्यंत येत असे. आतां ती कड्याच्या वर सरकली आहे. तिच्या तोंडाशीं वितळलेल्या पाण्याचें तळें झालें आहे, आणि बर्फ टिकावा म्हणून कडेवर पांढरीं कापडें पांघरलेलीं आहेत. उन्हांत मळलेलीं तीं कापडें पाहून रुग्णशय्येची आठवण होते. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचा सुमारें १० टक्के बर्फ नाहींसा झाला.

आजोबा कठड्यास टेकून म्हणाले, "ही मोटार घेऊन मी पहिल्यानें आलों, तेव्हां हें तळें नव्हतें." अकरा मोटारींचीं एंजिनें आमच्यामागें अजून गरम होतीं. आमच्या हौशीचा धूरही या वितळण्यास थोडाबहुत हातभार लावतो, हें तेथें कोणासही सांगावें लागलें नाहीं. पुढील वर्षापासून अकरा मोटारींऐवजीं सहाच आणाव्या व प्रत्येकींत दोघांनीं बसावें, अशी सूचना त्या कठड्याशींच निघाली, आणि ती मान्यही झाली. दुपारीं वेगानें आलों असतों, तर येथें दहा मिनिटांहून अधिक कोणीच थांबलें नसतें.

फुर्काचा माथा २४२९ मीटर. आम्ही पोहोंचलों तेव्हां सूर्य मावळतीस टेकला होता, आणि दूरच्या शिखरांवर गुलाबी झांक पसरली होती. आजोबांनीं मोटार कडेला घेतली, खालीं उतरून तिच्या बॉनेटवर क्षणभर हात ठेवला, आणि कांहीं न बोलतां पुन्हां आंत बसले. रेआल्पमार्गें आंडरमाटला पोहोंचलों तेव्हां दिवे लागले होते. रात्रीं वर खरोखरच बर्फ पडला.

हे घाट पाहण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत ते बहुधा खुले असतात. तरी निघण्यापूर्वीं चौकशी करावी. तिन्ही मिळून फेरी सुमारें १२० किलोमीटरांची आहे. तिला उभा दिवस द्यावा. चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्यानें वाट द्यावी, हा तेथील नियम आपल्याकडेही आहेच. ब्रेकचें ऑइल आधीं तपासून घ्यावें. आणि बरोबर आणखी कोणी असतील, तर सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढें ठेवावें व अधूनमधून आरशांत पाहत जावें. घाट कोठें जात नाहीं. मागचा माणूस मात्र एकदां सुटला, कीं सांपडणें कठीण.