खेळण्याने गोष्ट पुरी करू नये

अद्भुतरम्य साहसमालिकेसाठी खेळणी आखायचं काम हाती आलं की आधी चित्रं येतात: नायक पुढून, मागून, बाजूने, त्याच्या अंगरख्याचे ठरलेले रंग, शस्त्रांची यादी. सोबत मागणी असते की पडद्यावर दिसतं तसं हुबेहूब करा. ही मागणी अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे. हुबेहूब बाहुली म्हणजे मालिकेची आठवण, आणि आठवण कपाटात शोभून दिसते. खेळणं हातात राहायचं असेल, तर मालिकेतल्या जगाचा एखादा नियम मुलाच्या बोटांना करता यावा आणि पुढे काय घडणार हे त्याने ठरवावं.

माझ्या मते याचा सर्वांत बोलका पुरावा ‘ही-मॅन’ आहे. मॅटेलने ही खेळणी 1982 मध्ये आणली, फिल्मेशनची मालिका 1983 मध्ये आली, आणि पुढे दूरदर्शनमुळे ती आपल्याकडच्या घरांतही पोचली. म्हणजे इथे खेळणं आधी आणि मालिका नंतर. ती साडेपाच इंची आकृती हातात घेऊन कंबर पिळा आणि सोडा: आतल्या स्प्रिंगच्या जोरावर धड गर्रकन फिरतं आणि उगारलेला हात समोरच्यावर आदळतो. नायक बलवान आहे हे कोणी सांगावं लागत नाही. पहिल्या खेळण्यांतली तलवार तर याहून विचारपूर्वक केलेली होती. अर्धं पातं ही-मॅनकडे, अर्धं स्केलेटरकडे. दोन्ही जोडली की एक अखंड तलवार, आणि डब्यातल्या छोट्या चित्रकथांनुसार तीच ग्रेस्कल किल्ल्याची किल्ली. भांडण कशासाठी, जिंकलं म्हणजे काय, शत्रूकडे असं काय आहे जे आपल्याला हवंच, हे सगळं प्लास्टिकच्या दोन तुकड्यांत मावलं. किल्ला कोणाचा, हे मात्र मुलावर सोडलं होतं.

मालिकेने तलवारीचं काम बदललं. राजपुत्र ॲडम ती उंचावतो आणि ही-मॅन होतो. पडद्यावर ते अप्रतिम दिसतं, पण ॲडमची बाहुली 1984 मध्ये वेगळी आली. ती खाली ठेवायची आणि दुसरी उचलायची, एवढाच तो कायापालट. त्यात हाताला काही करायला नाही. याच मालेतला मॅन-ई-फेसेस बघा. डोक्यावरची गुंडी फिरवली की माणसाच्या जागी राक्षस येतो, पुन्हा फिरवली की यंत्रमानव. इथे रूपांतर खरोखर मुलाच्या हातून घडतं. पडद्यावरची जादू खेळण्यात आणायची तर ती कोणत्या हालचालीतून घडेल, हे आधी शोधावं लागतं. ती हालचाल सापडली नाही, तर तो प्रसंग मालिकेपुरताच राहू द्यावा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मुलं फार काटेकोर असतात, पट्ट्याचा रंग चुकला तरी त्यांना खपत नाही. खरं आहे. चेहरा, रंग, शस्त्र या ओळखीच्या खुणा चुकता कामा नयेत. पण काटेकोरपणा सगळीकडे सारखा लागत नाही. ही-मॅनचा बॅटल कॅट हा मुळात मॅटेलच्याच ‘बिग जिम’ या मोठ्या बाहुल्यांसाठी केलेला वाघ. तोच साचा वापरून, हिरवा रंग आणि खोगीर देऊन तो इथे आणला. नायकापुढे तो अवाढव्य होता. पण नायक त्याच्यावर नीट बसत होता, आणि खेळायला तेच हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशी मालिका म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात. अमेरिकेत 1984 मध्ये दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या वेळेची बंधनं सैल झाली आणि खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांचं पेव फुटलं. पालकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तो रास्तच होता; 1990 च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर पुन्हा मर्यादा घातली. आखणाऱ्याने या आक्षेपाला कामातूनच उत्तर द्यायला हवं. एकच आकृती घेऊ शकणाऱ्या मुलालाही पुरा खेळ मिळाला पाहिजे. दुसरी विकत घेतल्याशिवाय पहिली निर्जीव वाटत असेल, तर ती आखणी लबाडीची आहे. याच कसोटीवर अर्ध्या तलवारीतही खोट निघते, कारण ती दुसरी बाहुली मागते. म्हणून नुसता नियम पुरेसा नाही. एकट्या बाहुलीला कमरेतल्या स्प्रिंगसारखं स्वतःचं काही असावं लागतं.

पटावरच्या खेळांना हे आणखी कडकपणे लागू होतं. लुडोच्या घरांवर पात्रांची चित्रं छापली म्हणून तो त्या मालिकेचा खेळ होत नाही. 1983 ची ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मालिका घ्या. अनोळखी जगात अडकलेली सहा मुलं, प्रत्येकाकडे एकच मंतरलेली वस्तू: धनुष्य, सोटा, ढाल, टोपी, काठी, झगा. एकट्याची शक्ती घरी परतायला पुरत नाही. खेळाचा गाभा इथे तयारच आहे: प्रत्येक खेळाडूला एकच सामर्थ्य द्या आणि प्रत्येक संकट असं रचा की दुसऱ्याची मदत मागावीच लागेल. ती मुलं घरी परतल्याचा भाग कधी तयारच झाला नाही. अशा गोष्टीवरच्या खेळाला तर मोठी मोकळीक आहे. दर डावाला वाट नव्याने शोधता येते.

म्हणून चित्रांचा गठ्ठा उघडण्याआधी निर्मात्याला तीन प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं. या जगाचा नियम कोणता? तो बोटांनी कसा करता येईल? आणि मुलाला कथेपेक्षा वेगळा शेवट करता येईल का? तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच साचा कापायला घ्यावा.