न गायलेली आरोळी

पिएत्रो मास्कान्यीच्या ‘काव्हाल्लेरिया रुस्तिकाना’ या एकांकी ऑपेराच्या शेवटी तुरिद्दू मारला जातो. त्याचा मृत्यू प्रेक्षकांना दिसत नाही आणि गायलाही जात नाही. दुरून एका बाईची आरोळी तेवढी येते. तिच्या शब्दांना मास्कान्यीने सूर दिलेले नाहीत. ते ओरडायचेच आहेत. १७ मे १८९० रोजी रोममध्ये पहिला प्रयोग झाला, तेव्हापासून व्हेरिस्मोचा, म्हणजे इटालियन वास्तववादी ऑपेराचा, विषय निघाला की ही आरोळी आठवते.

प्रसंग सुरू होतो तो ईस्टरच्या सकाळी, तुरिद्दूच्या मद्यगीताने. चाल ठसकेबाज, कोरसने उचलून धरलेली. तुरिद्दूच्या प्रेयसीचा नवरा आल्फिओ त्याच्या हातचा प्याला नाकारतो आणि गाणे तिथेच विरते. तुरिद्दू आल्फिओचा कान चावतो. सिसिलीच्या रिवाजाने हे द्वंद्वाचे आव्हान. मग तो आईचा निरोप घेतो. खाली तंतुवाद्यांचा कंप, वर दारू जास्त झाल्याची सबब. सबब खोटी असल्याचे वाद्यवृंद आधीच सांगून टाकतो.

जोव्हान्नी व्हेर्गाच्या १८८०च्या मूळ कथेत चाकूंची झटापट वाचकासमोर घडते. आल्फिओ शत्रूच्या डोळ्यांत माती फेकतो. व्हेर्गाच्याच १८८४च्या नाटकाने हा खून पडद्याआड नेला. मास्कान्यीने तो तिथेच ठेवला, हे त्याचे मोठे शहाणपण. म्हणून आरोळीला सूर लावणाऱ्या गायिका आणि झटापट रंगमंचावर आणणारे दिग्दर्शक या प्रसंगाचे नुकसानच करतात. ऑपेराच्या आरंभीही पडदा उघडण्याआधी तुरिद्दूचा आवाज हार्पच्या साथीने, सिसिलियन बोलीत, आडूनच येतो. त्या प्रेमगीतात दारातल्या रक्ताचा उल्लेख आहे.

हा ऑपेरा आयुष्यभर ऐकणाऱ्याचे लक्ष वयाबरोबर सरकत जाते. तरुणपणी तुरिद्दूचे उंच स्वर पुरतात, पुढे त्याने टाकलेल्या सांतुत्साचा आक्रोश जवळचा वाटतो. उतारवयात कान तुरिद्दूच्या आईकडे, मामा लुचियाकडे वळतात. तिला एकही स्वतंत्र गाणे नाही. मुलगा आशीर्वाद मागतो, सांतुत्साची आई हो म्हणतो. ती गोंधळून तुटक प्रश्न विचारते. १९४०मध्ये मास्कान्यीच्याच संचालनाखाली झालेल्या ध्वनिमुद्रणात बेन्यामिनो जील्यी तुरिद्दू आहे. लुचिया गाते जुलिएत्ता सिमिओनातो, पुढे स्वतः नामांकित सांतुत्सा झालेली. तेव्हा तिने तिशीही गाठलेली नव्हती.