वळायला जागा आहे का?

ट्रेलर घेतला तेव्हा ओळखीतला प्रत्येक जण म्हणाला, ‘मजा आहे बुवा, आता वाट्टेल तिथे जाल!’ हे अर्धंच खरं. पिकअपच्या मागे पंचवीस फुटांचं घर जोडलं की वाट्टेल तिथे राहता येतं, जाता मात्र येत नाही. पेट्रोल पंप असो, उपाहारगृह असो की डोंगरावरची दरी दाखवणारी जागा असो, गाडी आत घालण्याआधी आम्ही एकमेकांना एकच विचारतो : वळायला जागा आहे का? मिनेसोटातून साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सकडे निघालो, तेव्हा काय बघायचं आणि काय सोडायचं हे बऱ्याचदा या प्रश्नानेच ठरवलं.

आय-90 हा महामार्ग साउथ डकोटातून नाकासमोर पश्चिमेला जातो. तिथे ताशी 80 मैलांची मुभा आहे, पण ट्रेलरचे बरेचसे टायर 65 मैलांच्या हिशेबाने बनवलेले असतात. म्हणून आमचे हे 60च्या वर काटा जाऊ देत नाहीत. एवढं सांभाळूनही मिचेल गावाच्या अलीकडे मागून फटफट आवाज यायला लागला. उजव्या बाजूचा एक टायर चिंध्या होऊन लोंबत होता.

दोन आसांच्या ट्रेलरला एक सोय असते. त्याच बाजूचं धड चाक फळ्यांच्या चळतीवर चढवलं की फुटलेलं चाक आपोआप अधांतरी होतं. जादा टायर चढला, पण पुढे दुसरा टायर हाताशी नसताना जायला हे तयार होईनात. मिचेलच्या दुकानदाराने सांगितलं, तसला टायर दुपारनंतर येईल. ट्रेलर त्याच्या आवारात सोडला आणि अचानक आम्ही हलके झालो. आता कुठल्याही गल्लीत शिरायला मोकळे!

म्हणून कॉर्न पॅलेस पाहिला, एरवी पाहिला नसता. 1892 पासून इथे मक्याचा महाल उभारण्याची प्रथा आहे. आजची इमारत 1921 ची. बाहेरच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं आहेत आणि ती सगळी कणसांची. उभी चिरलेली कणसं खिळ्यांनी ठोकायची, रंग नैसर्गिकच : पिवळा, तांबडा, काळपट, पांढरा. नवी कणसं आणून ही चित्रं पुन्हा नव्याने सजवतात. आपल्याकडे देवळात धान्याची रांगोळी घालतात तशीच ही, फक्त भिंतीवर उभी केलेली. पाखरं येऊन दाणे टिपतात, ते वेगळंच. आत चक्क बास्केटबॉलचं मैदान आहे.

टायर घेऊन, ट्रेलर जोडून पुढे निघालो, तर चेंबरलेनच्या जवळ वारा सुटला. आडवा वारा आला की ट्रेलर शेपटी हलवतो आणि पिकअपही त्याच्याबरोबर डुलायला लागते. सुदैवाने मिसूरी नदीच्या अलीकडे विश्रांतीचा थांबा आहे, ट्रकवाल्यांसाठी केलेला : एका बाजूने शिरा, दुसऱ्या बाजूने निघा. अशा जागा आम्हाला तीर्थक्षेत्रासारख्या पूज्य. तिथेच ‘डिग्निटी’ हा डेल लॅम्फियर यांनी घडवलेला पुतळा आहे. 2016 साली उभारलेली, 50 फूट उंचीची पोलादी आदिवासी स्त्री. पाठीवर तिने ताऱ्याची नक्षी असलेली गोधडी पसरून धरली आहे. त्या गोधडीचे निळे चौकटी तुकडे वाऱ्याने थरथरतात. ज्या वाऱ्याने यांचे हात स्टिअरिंगवर आखडले होते, त्यानेच ती गोधडी जिवंत केली होती.

वॉल ड्रगला थांबायचा बेत मुळातच होता. 1931 मध्ये घेतलेलं औषधांचं दुकान, गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा मालकिणीला कल्पना सुचली : वाटसरूंना बर्फाचं पाणी फुकट द्या आणि तशा पाट्या रस्त्यावर लावा. त्या पाट्यांवर आज अख्खं बाजारपेठेएवढं दुकान चालतं. गर्दी खूप, पण गाड्या लावायची जागा ऐसपैस. आमच्या दृष्टीने पैकीच्या पैकी गुण.

ब्लॅक हिल्समध्ये कस्टर स्टेट पार्कात ट्रेलर उभा केला. इथला नीडल्स हायवे 1922 मध्ये पूर्ण झाला. राज्याचे माजी गव्हर्नर पीटर नॉरबेक यांनी तो मुद्दामच असा आखला, की वेगाने जाताच येऊ नये. सुईसारख्या ग्रॅनिटच्या सुळक्यांमधून वळणं घेत तो एका बोगद्यात शिरतो. बोगदा जेमतेम 8 फूट रुंद. आमचा ट्रेलरही तेवढाच! तो तळावर ठेवून नुसती पिकअप नेली, तरी ओढकामासाठीचे लांब आरसे मिटवावे लागले. मी खाली उतरून पुढे चालले, हात हलवत : ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ मागे गाड्यांची रांग लागली. पलीकडून टाळ्या पडल्या, त्या मी माझ्यासाठीच आहेत असं धरून चालले.

त्या रात्री गारा पडल्या. छताच्या झरोक्याचं प्लास्टिकचं झाकण तडकलं आणि पाणी थेट अंथरुणावर. खिचडीचं पातेलं गादीवर ठेवून आम्ही कोपऱ्यात बसून राहिलो. पहाटे यांनी चिकटपट्टीने भोक बुजवलं आणि नव्या झाकणासाठी आम्ही पिकअप घेऊन दक्षिणेला हॉट स्प्रिंग्ज गावी गेलो.

झाकण मिळालं, आणि दुपार मोकळी मिळाली. म्हणून मॅमथ साइट. 1974 मध्ये घरांसाठी जमीन सपाट करताना हाडं निघाली आणि खाली प्राचीन काळचा एक खचखड्डा सापडला. कोमट झऱ्याचं पाणी, काठाला हिरवं गवत. त्या मोहाने मॅमथ उतरायचे आणि निसरड्या उभ्या काठांवरून त्यांना वर येता यायचं नाही. साठाहून अधिक मॅमथांचे अवशेष इथे सापडले, बहुतेक तरुण नरांचे. हाडं जिथे सापडली तिथेच ठेवून वर इमारत बांधली आहे. खोदकाम अजून चालू आहे.

कठड्यावरून हे बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, ‘अगं, यांच्याबरोबर बायका नव्हत्या.’

‘बरोबर,’ मी म्हटलं. ‘नाहीतर कुणीतरी विचारलं असतं की!’