मूठ

मूठ वळणे ही केवढी मोठी विद्या आहे, हे ती हातची गेल्याखेरीज कळत नाही. कणीक मळणे, वेणी घालणे, नळाची तोटी फिरवणे, खडू धरणे – बाईमाणसाचा निम्मा संसार मुठीत सामावलेला असतो. २००६ च्या पावसाळ्यात माझी मूठ मला सोडून गेली आणि परत यायला तिने तब्बल सात महिने घेतले.

ते वर्ष चिकुनगुन्याच्या साथीचे. देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. आमच्या यवतमाळच्या आळीत तर सकाळी प्रत्येक दारातून भिंतीला धरून चालणारे एक तरी माणूस बाहेर पडे. सासूबाईंना मात्र या रोगाच्या नावाचाच राग. “आपल्या सात पिढ्यांत घरात कोंबडी शिजली नाही, मग हा रोग आपल्याकडे आलाच कसा?” कोंबडीचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही, हे त्यांना पटवताना आमचे मास्तर थकले. हे नाव आले आहे आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतून. अर्थ – जो माणसाला वाकवतो तो! १९५२-५३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तो प्रथम ओळखला गेला. महाराष्ट्रालाही तो अगदी नवखा नव्हता. १९६५ साली नागपूर आणि १९७३ साली बार्शी त्याने वाकवली होती. पुढे तीसएक वर्षे लोक त्याला विसरून गेले, एवढेच.

ताप चार दिवसांत उतरला. सांधे मात्र उतरेनात. मनगटे, बोटे, घोटे सुजलेले. सकाळी तासभर हात लाकडासारखे. शाळेत फळ्यावर ‘अ’ काढायचा तर डोळ्यांत पाणी यावे. दुखण्यापेक्षा भय मोठे होते. माझ्या आत्याची बोटे संधिवाताने वेडीवाकडी झालेली मी लहानपणी पाहिली होती. नोकरी हातावर, घर हातावर. हीच गत माझी झाली तर?

डॉक्टरांनी समजावले, “बाई, तुमच्या आत्यांचा रोग निराळा. त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर उलटते. इथे विषाणूने सांधे सुजवले आहेत. बहुतेकांचे काही आठवड्यांत, काहींचे महिन्यांत बरे होते. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर मात्र रक्त तपासू.” विषाणूवर जंतुनाशक गोळ्या चालत नाहीत. तापात पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती. डेंग्यू नाही अशी खात्री होईतो अॅस्पिरिन किंवा सूज उतरवणारी गोळी घ्यायची नाही, कारण रक्तस्रावाची भीती असते. ताप गेल्यावर मात्र अंथरुणाला खिळून राहायचे नाही; सांधे आणखी आखडतात. मग मी सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप करी. सासूबाई पोळ्या करताना कणकेचा एक गोळा माझ्यापुढे सरकवीत. म्हणत काहीच नसत.

शेजारच्या काकूंनी कुणा फिरत्या वैदूकडून पुडी घेतली. तीन दिवसांत त्या धावू लागल्या! महिन्याभरात तोंडावर सूज आली, रक्तातली साखर चढली. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते औषध वाईट नव्हे. पण ते कुणाला, किती आणि कधी, हे ठरवणे डॉक्टरांचे काम.

सांध्यांना छळणारा हा एकटाच नव्हे. हगवणीनंतर किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंतर एक ते चार आठवड्यांनी गुडघा सुजतो, कधी डोळेही लाल होतात. मुलाचा घसा दुखून गेल्यावर आज गुडघा, उद्या घोटा असे दुखू लागले तर विलंब नको. त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. आणि एकच सांधा लाल, गरम होऊन ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहता राहिला डास. एडिस डास दिवसा चावतो आणि गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यावर जीव टाकतो. आमच्या गावात तर पाणी साठवल्यावाचून गत्यंतर नाही. निळोणा आणि चापडोह धरणे आटली, त्या २०१८ च्या उन्हाळ्यात घरोघरी ड्रमांच्या रांगा लागल्या होत्या. पाणी टाका म्हणणे सोपे, पण घोटासाठी तरसलेल्याने ते टाकायचे कसे? म्हणून आम्ही प्रत्येक ड्रमावर जुन्या लुगड्याचे घट्ट फडके बांधतो आणि ड्रम रिकामा झाला की कडा काथ्याने घासतो. नुसते ओतून भागत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडीही महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागले की आठ-दहा दिवसांत डास तयार!

दिवाळीला आपण कोनाकोपरा झाडतोच. वाचकहो, माळ्यावर चढवण्याआधी तेवढी कूलरची टाकीही घासून कोरडी करा. उन्हाळ्यात तिच्यात पुन्हा पाणी पडेल, तेव्हा त्यातून गारवाच बाहेर यावा.