गैरहजेरीचाही पुरावा लागतो

जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते, हे सिद्ध करावे लागते. त्या एका कागदासाठी आमच्या आप्पांनी गावच्या शाळेत किती हेलपाटे घातले! धाकटा भाऊ नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडला गेला, तिथे प्रश्न उलटा निघाला : तू इथे नव्हतास ते किती दिवस?

2024 मध्ये त्याची पाच वर्षे भरली. कायम वास्तव्यासाठी त्या काळातल्या कुठल्याही सलग 12 महिन्यांत 180 पेक्षा जास्त दिवस देशाबाहेर राहिलेले चालत नाही. जायचा-यायचा दिवस धरत नाहीत, पण इथे बसून लॅपटॉपवर केलेले काम गैरहजेरीतच. आप्पांच्या शेवटच्या आजारपणात तो अंबरनाथला तीन महिने होता. जवळच्या माणसाच्या गंभीर आजाराला वा मृत्यूला सवलत मिळू शकते, पण कागद हवेत. उल्हासनगरच्या दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला मीच स्कॅन करून पाठवला. परतताना तिथे शिक्का मिळेलच असे नाही. मुंबई विमानतळाचे शिक्के, तिकिटे, रजेचे मेल यांवरून तारखा जुळवल्या.

‘परदेशी गेलेला समाजाला विसरतो’ असे आपल्यातलेच म्हणतात. मला पटत नाही. जो विसरतो त्याचे दिवस शाबूत राहतात; बापाच्या उशाशी बसणाऱ्याचेच मोजले जातात.

मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटनने पाचाची दहा वर्षे करायचा प्रस्ताव मांडला. बदलापूरची दोन मुले निघालीत. त्यांना वही दिली आहे : निघालो, पोचलो, कारण, कागद कुठे ठेवला.