सणसरच्या ओसरीवर

पाटस सोडून रोटी घाट चढल्यावर उंडवडीच्या माळावरून बारामतीत उतरणारा आणि पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी गावे घेत इंदापूरला पोहोचणारा रस्ता संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग म्हणून ओळखला जातो. परंतु पंढरपूरला नेणारी वाट एवढ्याच दृष्टीने त्याच्याकडे पाहिले, तर त्या रस्त्याचे अर्धे आयुष्य नजरेआड राहते. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास पालखीचा हा सोहळा सुरू केला. तेव्हापासून देहूहून निघणारी माणसे आषाढात या गावांमधून जात आहेत, आणि त्या जाण्यायेण्यातून वाटेवरच्या घरांशी त्यांचे जे नाते जडले, त्याला मैत्रीवाचून दुसरे नाव देता येत नाही. ही मैत्री वर्षातून एका रात्रीची असते आणि ती त्या एका रात्रीवर वर्षभर टिकते.

या प्रदेशाची आषाढातील कळा समजून घेतल्याशिवाय या नात्याची किंमत कळत नाही. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यानंतर उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात येतात. त्यामुळे घाटमाथ्यावर झड लागलेली असताना येथे बहुधा नुसता वारा सुटलेला असतो आणि ढग माळावर सावली टाकत पूर्वेकडे निघून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डावा कालवा आला आणि त्याने या भूमीचे दोन भाग केले: कालव्याच्या पाण्याखालची ती बागायत आणि केवळ पावसाच्या भरवशावरची ती जिरायत. वारकरी उंडवडीला असतो तेव्हा जिरायतीतून चालतो आणि काटेवाडी ओलांडतो तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे, की पाहुणचाराला पाणी लागत असले तरी तो पाण्याने ठरत नाही. जिरायत गावांतील आषाढ म्हणजे रब्बीची ज्वारी कणगीच्या तळाशी गेलेली असण्याचे आणि नव्या पिकाची खात्री नसण्याचे दिवस. त्या दिवसांत टोपल्या भरून भाकरी रस्त्यावर आणून ठेवणाऱ्या बायांचा मोठेपणा ऊसवाल्या गावांच्या पंगतींपुढे कमी भरत नाही, आणि तो पुरेसा नोंदवला गेलेला नाही.

काटेवाडीला परीट समाज पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते, म्हणजे वर्तुळाकार मोकळ्या जागेत पताकाधारी, विणेकरी, तुळस घेतलेल्या बाया आणि शेवटी अश्व धावतात. ही दृश्ये सर्वांनी पाहिलेली आहेत. ज्या घटकेला कोणी कॅमेरा लावत नाही, ती काटेवाडी ओलांडल्यानंतरच्या संध्याकाळची असते. भवानीनगरच्या साखर कारखान्याला लागून असलेल्या सणसरमध्ये मुक्काम पडतो, तंबू ठोकले जातात, पाण्याच्या टँकरभोवती गर्दी होते, आणि दिंडीतील, म्हणजे एका विण्यामागे चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटातील, काही जुनी माणसे तंबूकडे न वळता गावातल्या ठरलेल्या घरांकडे चालू लागतात. त्यांना पत्ता विचारावा लागत नाही. दारात आधी पायांवर पाणी पडते, मग एकमेकांच्या पायांना हात लागतो आणि थोरला कोण, धाकटा कोण हा प्रश्न त्या क्षणापुरता उरत नाही. चुलीवर पाण्याचे भगुले चढलेले असते, तळव्यांना चोळायला तेल कोमट करून ठेवलेले असते. "औंदा लई वाळलात, माउली," असे घरातली म्हातारी म्हणते आणि समोरचा नुसता हसतो. मग थोरल्याचे लग्न जमले का, बोअरला पाणी लागले का, गेल्या साली आजारी असलेली म्हैस राहिली का, असे प्रश्न दोन्हीकडून निघतात. त्यांत विठ्ठलाचे नाव क्वचितच येते, आणि भक्तीला त्यामुळे काही उणेपणा येतो असे कोणाला वाटत नाही. स्पेनमधील सांतियागोच्या ख्रिस्ती तीर्थवाटेवर चालणारे अनेक जण आयुष्यात एकदाच ती वाट चालतात आणि त्यांना तेथे नवे सोबती भेटतात. सणसरच्या ओसरीवर जो बसतो तो जुन्या सोबत्याकडे आलेला असतो.

2020 मध्ये ही वाट थांबली. करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. आषाढी एकादशी 1 जुलैला होती आणि तिच्या आदल्या दिवशी तुकोबांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. 2021 मध्येही पादुका बसनेच गेल्या. निर्णय योग्य होता, त्याविषयी वाद नाही. तरीही कित्येक दिवसांची वाट काही तासांत संपली आणि मधल्या गावांच्या वाट्याला नुसती तिथी आली. पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला होते, त्यामुळे आपल्या गावी मुक्काम कधी हे येथील बायांना पंचांग न उघडता सांगता येते. ती संध्याकाळ त्या दोन्ही वर्षी आली आणि दारापुढचा रस्ता मोकळाच राहिला. दूरध्वनीवरून विचारपूस होऊ शकत होती. परंतु ज्या मैत्रीचे सारे व्यवहार पाय, पाणी आणि भाकरी यांच्यातून होत आले, तिला आवाज पुरेसा पडत नाही.

20 जून 2022 रोजी पालखीने पुन्हा देहूहून पायी प्रस्थान ठेवले. लांबलेल्या भेटीची ही वाट इतर कोणत्याही वर्षीच्या वाटेपेक्षा जड होती, कारण मधल्या काळात कोण उरले आणि कोण नाही, हे दोन्ही बाजूंना दारात उभे राहिल्याशिवाय कळणार नव्हते. वाटेवरच्या अशा घरांच्या स्मरणात एखादा म्हातारा असतोच: चहा न घेणारा, गरम पाण्यात गूळ टाकून मागणारा, जेवण झाल्यावर स्वतःचे ताट स्वतः घासून पालथे घालणारा, रात्री कितीही आग्रह केला तरी गादी न घेता ओसरीच्या खांबाशी घोंगडे अंथरणारा, आणि पहाटे घर जागे होण्याआधी अंगण झाडून निघून जाणारा. त्याचे आडनाव घरातील कोणाला ठाऊक नसते. गाव परभणीकडचे की बीडकडचे, याविषयी मतभेद असतात. त्याचा खरा पत्ता म्हणजे त्याच्या दिंडीचा क्रमांक आणि ती दिंडी रथापुढे चालते की रथामागे, एवढाच असतो. असा माणूस न आल्याची बातमी कोणी वेगळी सांगत नाही. दिंडीतला दुसरा कोणी त्याचे टाळ गळ्यात घालून दारात उभा राहतो, घरातली बाई त्या टाळांच्या दोरीकडे पाहते, आणि पाण्याचा तांब्या हातात तसाच राहतो. त्या वर्षी अशा किती दारांत किती तांबे थबकले असतील, याचे गणित कोणत्याही खात्याकडे नाही. सणसरला किंवा निमगावला त्या संध्याकाळी जो कोणी उभा होता, त्याला सोहळा परतल्याचा आनंद आणि ही उणीव वेगळी करता आली नाही, आणि करायचे कारणही नव्हते.

मराठी साहित्याने वारीवर लिहिले आहे, पण त्यातील गाजलेले लेखन, द. बा. मोकाशी यांचे 'पालखी' धरून, प्रामुख्याने आळंदीच्या, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या, वाटेचे आहे. देहूच्या वाटेवरील या दोन तालुक्यांना तसा लेखक लाभला नाही, ही या प्रदेशाची जुनी सल आहे. आता ती अधिक जाणवते, कारण ज्या रस्त्याविषयी लिहायचे तोच बदलला आहे. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली; पाटसपासून बारामती, इंदापूरमार्गे तोंडल्यापर्यंत सुमारे 130 किलोमीटरचे हे काम असून चालणाऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पदपथ त्यात धरलेला आहे. रुंद रस्त्याने अपघात टळत असतील तर तो हवाच. मात्र रुंदीकरणात जुनी झाडे गेली आणि काही ठिकाणी नव्या रस्त्याने गावाला बाहेरून वळसा घातला, म्हणजे ज्या सावलीत विसावा व्हायचा ती आणि ज्या दाराशी पाणी मिळायचे ते, दोन्ही वाटेपासून दूर गेले. पावसाच्या ढगांनी पाठ फिरवलेल्या मुलखात ही हानी थोडी नव्हे. म्हणून या रस्त्याच्या कडेला ज्यांची शेते आहेत त्यांनी बांधावर वड, लिंब, चिंच लावावी आणि ती पाच वर्षे जगवावी, ग्रामपंचायतींनी गावातून जाणारी जुनी वाट आषाढापुरती तरी मोकळी ठेवावी, आणि दिंड्यांनी पदपथ सोडून गावात वळण्याचा कंटाळा करू नये.